चाकण सोपं, बेदाणा अवघड

परवा एका ज्युनिअरने विचारलं, "सर, फूड प्रोसेसिंगमध्ये ऑटोमेशनचं काम निवांत असतं ना? चाकणला गाड्यांच्या कारखान्यांत नुसती मारामारी."

बाबा रे, उलटं आहे. चाकणला पट्ट्यावरून येणारा प्रत्येक पार्ट ड्रॉइंगबरहुकूम असतो. तासगावला बेदाण्याच्या युनिटवर ये. डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवलेली द्राक्षं रॅकवर 15-20 दिवस सुकतात. मध्येच आभाळ आलं की रंग गेला. एका शेडचा माल हिरवागार, शेजारचा पिवळट, आणि सौद्यात दर बोलला जातो रंगावर. आता कर प्रोग्रॅम!

कलर सॉर्टरमध्ये, म्हणजे रंगावरून दाणे निवडणाऱ्या मशीनमध्ये, व्हायब्रेटर दाणे घसरणीवर सोडतो, कॅमेरे बघतात, काळा दाणा दिसला की हवेचा फटका त्याला बाजूला उडवतो. पण बेदाणा चिकट. दोन दाणे जोडीनं आले की काळ्याबरोबर हिरवाही जातो. सेन्सिटिव्हिटी वाढवली तर रिजेक्टच्या क्रेटमध्ये चांगला माल, कमी केली तर चांगल्यात काळा. फोन दोन्ही वेळा मलाच. त्यात कंप्रेसरच्या हवेत पाणी असलं की व्हॉल्व्ह आळशी होतात. मशीनला लाखो रुपये घालणारा मालक एअर ड्रायरचं नाव काढलं की म्हणतो, "बघू की पुढच्या सीझनला."

आणि सेटिंग ठरतं कुणामुळं? टेबलावर निवडणाऱ्या मावशींमुळं. ट्रायलला मूठभर रिजेक्ट त्यांच्यापुढं पसरायचा. बोटानं दाबत सांगतात, "दादा, ह्यो साखर धरलाय, काढा. ह्यो नुसता लालसर हाय, खायाला गोड, ऱ्हाऊ द्या." कॅमेऱ्याला दोन्ही तपकिरीच.

मशीन चालू झालं की पहिल्यांदा घरी बसवतात ते ह्याच मावशींना, आणि स्क्रीनपुढं उभा राहतो मालकाचा भाचा. त्याला बटणं कळतात, बेदाणा कळत नाही. (भाच्यावर राग नाही, पोरगं बरं आहे.) माझं म्हणणं साधं आहे: स्क्रीन मराठीत करा, मावशींना ऑपरेटर करा आणि पगारही ऑपरेटरचा द्या. बटणं आठवड्यात शिकवता येतात. बोटाला दाणा कळायला कित्येक सीझन जातात.

हल्ली कोटेशनमध्ये मी एअर ड्रायर आणि निवडणाऱ्या बायकांचं ट्रेनिंग अशा दोन वेगळ्या ओळी टाकतो. मालक आधी त्याच दोन ओळी खोडतात. मग मी वॉरंटीची ओळ खोडतो, आणि चहा मागवून बोलणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.