क्रिएटिनिन नॉर्मल, पण किडनी?

कर्करोगाच्या केमोच्या प्रत्येक फेरीआधी क्रिएटिनिन (स्नायूंमधून तयार होणारा आणि किडनी गाळून बाहेर टाकते तो रक्तातला टाकाऊ पदार्थ) तपासावं, असं केमोवरच्या एका लेखात म्हटलंय, ते बरोबरच. पण तो आकडा स्नायूंवरही अवलंबून असतो, हे त्यात राहून गेलं. आजारात वजन आणि स्नायू झडलेल्या रुग्णाचं क्रिएटिनिन ०.७, म्हणजे नॉर्मल येतं, घरचे निश्चिंत होतात आणि किडनीचं काम मात्र बरंच घटलेलं असू शकतं. म्हणून ईजीएफआर (किडनी किती वेगाने रक्त गाळते, त्या वेगाचा म्हणजे जीएफआरचा अंदाज) बघावा. अर्थात तोही बहुधा क्रिएटिनिनवरूनच काढतात, त्यामुळे शंका असेल तर सिस्टॅटिन-सी (रक्तातलं एक प्रथिन, ज्यावर स्नायूंचा परिणाम कमी होतो) तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. कार्बोप्लॅटिन या केमोच्या औषधाचा तर डोसच जीएफआरवरून ठरतो (१९८९चं कॅल्व्हर्ट सूत्र), म्हणजे अंदाज चुकला की डोसही चुकतो.

सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध चालू असेल तर मॅग्नेशियमही तपासायला हवं. हे औषध किडनीच्या सूक्ष्म नलिकांना इजा करतं आणि मॅग्नेशियम लघवीवाटे निघून जातं, कधी कधी क्रिएटिनिन ठीक असतानाही.

आणखी एक, अंगदुखीसाठी परस्पर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नये. उलट्या-जुलाबांनी शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना तर नाहीच. लघवी कमी झाली किंवा पायांवर सूज आली तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच कळवावं.