मालेर्बा सिनेमा सोडून पळाला नव्हता

नमस्कार. ‘मालेर्बा मुळात पटकथाकार, सिनेमात जमलं नाही म्हणून कादंबरीकडे वळला, आणि तिथेही वाचकाला चकवण्यापलीकडे काही केलं नाही’ हा इटालियन लेखक लुइजी मालेर्बाबद्दलचा तुमचा आक्षेप. माझ्या लेखात त्याच्या सिनेमाला दोनच ओळी मिळाल्या, ती उणीव मान्य.

लुइजी बोनार्दी (मालेर्बा हे टोपणनाव, त्यातून ‘तण’ असा अर्थ निघतो) १९२७ साली पार्माजवळच्या बेर्चेतोत जन्मला. दिग्दर्शक आल्बेर्तो लात्तुआदाच्या १९५२ च्या ‘इल कापोत्तो’ या चित्रपटाच्या पटकथेत त्याचा हात होता. पुढे आंतोनियो मार्कीबरोबर ‘दोन्ने ए सोल्दाती’ हा मध्ययुगातला चित्रपट त्याने दिग्दर्शितही केला. पहिलं पुस्तक १९६३ चं, पण सिनेमाशी नातं तिथे तुटलं नाही. पटकथाकार तोनिनो ग्वेर्राबरोबर त्याने इ. स. १००० मधल्या तीन उपाशी भटक्यांच्या गोष्टी लिहिल्या, त्यांतल्या एकाचं नावच ‘दुष्काळ’! तीच भूक १९७८ च्या ‘इल पाताफ्फियो’ या कादंबरीत मोडक्यातोडक्या लॅटिनसकट परत येते.

आता चकवण्याबद्दल. ‘इल सेर्पेंते’ या कादंबरीत (१९६६) रोममधला एक टपालतिकिटांचा व्यापारी मिरियमवरच्या प्रेमाची, मग संशयाची हकीकत सांगतो. शेवटी तिला मारून खाल्ल्याची कबुलीही देतो. आणि मिरियम मुळात नसतेच. पडद्यावर तिच्यासाठी नटी उभी करावी लागली असती, आणि एकदा डोळ्यांना दिसलेली बाई प्रेक्षकाच्या लेखी खरी होऊन बसते. कागदावर ती फक्त त्याच्या शब्दावर जगते. हा फरक इतका नेमका पटकथा लिहिलेल्या माणसालाच कळतो.

‘साल्तो मोर्ताले’ (१९६८) ही कादंबरी तुम्ही अर्ध्यावर सोडलीत. निवेदक ‘ज्युसेप्पे ऊर्फ ज्युसेप्पे’, भेटणारेही ज्युसेप्पेच, आणि शेतात प्रेत. खुनी शोधत बसलं की डोकं भणाणतं. त्यापेक्षा निवेदक आधीचं बोलणं कुठे मागे घेतो, तिथे पेन्सिलीने खुणा करत वाचा; थोड्या पानांत लय सापडते. १९७० चं फ्रान्सचं मेदिसी पारितोषिक परदेशी विभागात हिलाच मिळालं. विल्यम वीव्हरचं इंग्रजी भाषांतर मात्र ‘व्हॉट इज धिस बझिंग, डू यू हिअर इट टू?’ या नावाने शोधा.

तरीही जड गेली, तर १९६३ चा कथासंग्रह ‘ला स्कोपेर्ता देल्लाल्फाबेतो’ आधी घ्या. शीर्षककथेत म्हातारा शेतकरी अंबानेल्ली मालकाच्या मुलाकडून अक्षरं शिकतो. आधी ‘आ’, मग ‘बी’. म्हातारा विचारतो, आधी का, नंतर का नाही? पोरापाशी उत्तर नसतं. हा प्रश्न त्याने कुणाला चकवायला विचारलेला नाही.