‘खेळलाच नाहीत, मग बोलता कशाला?’ या दाव्याला उत्तर

अमेरिकेत महिलांच्या कॉलेज बास्केटबॉलचे प्रेक्षक वाढले, तसा एक दावाही जोरात फिरू लागला: समालोचक स्वतः कॉलेजच्या संघातून खेळलेला नसेल, तर त्याच्या शब्दाला वजन नाही. हे पटकन पटतं. पण हा निकष चुकीचा आहे, आणि त्याचा भुर्दंड बायकांनाच पडतो.

‘मैदानात उतरल्याशिवाय सामना सांगता येत नाही.’

समालोचनाच्या खुर्च्या दोन असतात. एक धावतं वर्णन करणाऱ्याची, दुसरी विश्लेषकाची. २०२४च्या अंतिम सामन्यात साउथ कॅरोलायना विद्यापीठाने आयोवा विद्यापीठाला ८७–७५ असं हरवलं. सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी तो पाहिला, म्हणजे त्या वर्षीच्या पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षाही जास्त. वर्णन करत होते रायन रुओको. ते कॉलेज संघातून नव्हे, फोर्डम विद्यापीठाच्या रेडिओवरून आले. पुरुषांच्या कॉलेज स्पर्धेची ‘फायनल फोर’, म्हणजे उपांत्य आणि अंतिम सामने, १९९१ ते २०२३ सांगणारे जिम नँट्झ कॉलेजात गोल्फ खेळायचे. आपल्याकडे हर्षा भोगले प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळलेले नाहीत. चेंडू कुणाकडे, घड्याळात किती वेळ, कुणाचे किती फाउल, हे न अडखळता सांगणं हे वेगळं कसब आहे आणि ते माइकसमोरच कमवावं लागतं.

‘निदान विश्लेषक तरी खेळलेलाच हवा, आतलं त्यालाच कळतं.’

यात तथ्य आहे, आणि ते मी नाकारणार नाही. विश्लेषक रिबेका लोबो १९९५ साली कनेक्टिकट विद्यापीठाच्या ३५–० अशा अपराजित संघात होत्या. बास्केटखालच्या रेटारेटीत सेंटरने, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूने, पाय कुठे रोवायचा, हे त्या अंगवळणी पडलेल्या ज्ञानातून सांगतात. पण त्या खेळल्या तेव्हा सामना २० मिनिटांच्या दोन सत्रांचा होता. २०१५-१६पासून महिलांचा सामना १० मिनिटांच्या चार भागांत होतो. संघाचे फाउल दर भागात नव्याने मोजले जातात, आणि शेवटच्या मिनिटात टाइमआउट घेऊन चेंडू पुढच्या अर्ध्यात नेता येतो. अखेरच्या मिनिटांचं सगळं गणितच त्यामुळे बदललं. २०२१-२२मध्ये तीन गुणांची रेषाही मागे सरकली. या नियमांखाली लोबो कॉलेजात कधीच खेळल्या नाहीत, तरी आज त्यांचं ऐकावंसं वाटतं. ते त्यांनी पुढे केलेल्या अभ्यासामुळे. जुना अनुभव तेवढ्यावर टिकला नसता.

‘बाई असेल तर ती खेळलेली असायलाच हवी.’

हे कुणी उघड बोलत नाही, पण वागणं तसंच असतं, आणि माझा खरा राग यावर आहे. डोरिस बर्क प्रॉव्हिडन्स कॉलेजच्या पॉइंट गार्ड, म्हणजे संघाचा खेळ रचणाऱ्या खेळाडू, होत्या, १९९०पासून माइकवर आहेत, आणि २०२४मध्ये एनबीए या पुरुषांच्या व्यावसायिक लीगच्या फायनल्सच्या टीव्ही प्रक्षेपणातल्या पहिल्या महिला विश्लेषक ठरल्या. ज्या पातळीचा सामना सांगायचा त्याच पातळीवर खेळलेलं हवं, असा हा दावा शब्दशः लावला तर एनबीए न खेळलेल्या बर्क यांनाही तिथे जागा नाही. म्हणजे कॉलेज खेळून आलेल्या बाईपुढे लगेच आणखी एक पायरी उभी राहते, आणि वर्णन करणाऱ्या पुरुषाला मात्र पहिल्या पायरीचाही पुरावा मागितला जात नाही. ईएसपीएन या क्रीडावाहिनीवर महिलांचा अंतिम सामना सांगणाऱ्यांची नावं पाहा: माइक पॅट्रिक, डेव्ह ओब्रायन, अ‍ॅडम अमीन, रुओको. चौघेही कसलेले आवाज, माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण बायकांच्या खेळात बाईला बहुतेक विश्लेषकाचीच खुर्ची मिळत आली, आणि तीही माजी खेळाडू म्हणून.

बेथ मोविन्स लाफायेट कॉलेजच्या कर्णधार होत्या. तिथे असिस्टचा, म्हणजे बास्केट करून देणाऱ्या पासचा, विक्रम त्यांच्या नावावर झाला. तरी त्यांची ओळख धावत्या वर्णनाची आहे, आणि २०१७मध्ये त्यांनी एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचा ‘मंडे नाइट’ सामना सांगितला. कॉलेजात त्या अमेरिकन फुटबॉल खेळल्या नव्हत्या. त्यांनी त्या सामन्याची तयारी केली होती.