बर्फाचे व्हिडिओ बघून सोलापूरचं लॉन मारू नका

डोकं फिरलंय नुसतं. मी ज्या मंगल कार्यालयाचं लॉन सांभाळतो, तिथल्या मालकांनी मोबाइलवर परदेशातल्या गोल्फ मैदानाचा व्हिडिओ बघितला आणि फर्मान सोडलं: थंडी आली, पाणी बंद करा, लॉनवर ताडपत्री घाला. सोलापुरात! डिसेंबरात दुपारी अंगातला शर्ट भिजतो इथं!

अहो, ते लोक पाणी बंद करतात कारण पाइपातलं पाणी गोठून पाइप फुटतात. ग्रीन, म्हणजे गोल्फच्या खड्ड्याभोवतालचं बारीक कापलेलं गवत, झाकतात ते बर्फापासून वाचवायला. तिथं भुसभुशीत हिम पडलं तर गवताला उलट ऊबच मिळते. घात करतो तो घट्ट गोठलेला थर. त्याच्याखाली हवा कोंडते, गवत गुदमरतं. पोआ नावाचं गवत दीड-दोन महिन्यांत मरायला लागतं, बेंटग्रास तीन-चार महिनेही तग धरतं. म्हणून ती माणसं दिवस मोजत बसतात, हिम उपसतात, थरावर काळी वाळू पसरतात, उन्हानं तापून बर्फ सुटावा म्हणून. वितळलेलं पाणी लगेच बाहेर काढतात, कारण ते मुळाशी साचून रात्री परत गोठलं की गवताच्या पेशी फुटतात. कष्टाचं काम आहे ते, मला त्यांच्याबद्दल आदरच आहे.

पण आपलं सिलेक्शन-वन म्हणजे हरळी. उन्हाची जात. थंडीत वाढ मंदावते, एवढंच. तिला ऊन पाहिजे, पाणी पाहिजे. ताडपत्रीखाली दमट उकाडा धरतो, बुरशी लागते, चार दिवसांत पिवळं पडतं. पाणी आधीच कुठं आहे? उजनी धरण भरलं तरी नळ काही दिवसांआड येतो आणि बोअरचं पाणी इतकं खारट की पात्यावर पांढरे डाग उठतात.

आणि लॉन खरं मरतं कशानं, ते कुणी बोलायचं नाही! मांडववाल्याचा टेंपो ओल्या गवतावर घालायचा, कार्पेट दोन-दोन दिवस अंथरून ठेवायचं, जनरेटरचं डिझेल सांडायचं, भांडी घासलेलं साबणाचं पाणी तिथंच ओतायचं. मग टक्कल पडलं की, "माळी लक्ष देत नाही." पावसाळा संपल्यापासून ओरडतोय, टेंपो गेटाबाहेर लावा, कार्पेट रात्रीच गुंडाळा. ऐकतंय कोण?

उद्या सकाळी मी ती ताडपत्री काढणार. ज्याला बोलायचंय त्यानं तोंडावर येऊन बोलावं.