डोळ्यावर फोकस

फुलपाखराचा फोटो काढायचा तर त्याच्याजवळ जावं लागतं, आणि जवळ गेलं की ते उडतं. या विद्येत एवढंच आहे. बाकी सगळा लेन्सचा पसारा.

माझी सुरुवात ६० मिलिमीटरच्या मॅक्रोपासून, म्हणजे अगदी जवळचं टिपणाऱ्या लेन्सपासून झाली. हलकी, सुटसुटीत, आणि 'वन इज टू वन' देणारी. म्हणजे दोन सेंटिमीटरचं फुलपाखरू कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी असलेल्या सेन्सरवरही दोन सेंटिमीटरचंच उमटतं. उमटतं, यात खोटं काही नाही. फक्त त्यासाठी लेन्सचं तोंड त्याच्यापासून चार बोटांवर न्यावं लागतं, हे आधी कुणी बोललं नव्हतं. एवढ्या जवळ कुणी काळी नळी आणली असती तर मीही उडालो असतो.

मग १०० ची घेतली. चार बोटांची पाऊण वीत झाली. तरीही माझी सावली माझ्याआधी फुलावर पोचायची. त्यावर १८० घ्या, असं जाणकार म्हणाले. अंतर वाढलं, पण वजनही किलोच्या वर गेलं. आता फुलपाखरू बसून राहायचं आणि थरथरायचे माझे हात. मध्येच कुणीतरी ३०० च्या टेलीफोटोला एक्स्टेन्शन ट्यूब लावायचा सल्ला दिला. या ट्यूबमध्ये काच नसते, नुसती पोकळ नळी. पोकळीसाठी पैसे मोजताना मला जरा आध्यात्मिक वाटलं. ती लावली की जवळचं दिसतं, लांबचं काही केल्या फोकस होत नाही. त्याच दिवशी समोरच्या फांदीवर खंड्या येऊन बसला आणि मला त्याचा निळा ढग दिसला.

शेवटी परत १०० वर आलो आणि सेटिंगकडे वळलो. अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओ या तिघांचं आपसात पटत नाही. पहिलं म्हणजे लेन्सचं भोक, दुसरं उजेड आत येण्याचा वेळ, तिसरं सेन्सरची उजेडाची भूक. एफ २.८, म्हणजे भोक मोठं ठेवलं तर एक मिशी लख्ख येते, बाकीचं फुलपाखरू धुक्यात. एफ ८ इतकं लहान केलं तरी पूर्ण मॅक्रोवर लख्ख दिसणारी खोली मिळते जेमतेम एक मिलिमीटर. म्हणून आणखी बंद करावं, तर उजेड जातो. पंख हलताहेत म्हणून शटर ५०० हून, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागाहून, हळू करवत नाही. मग आयएसओ ६४०० वर, आणि फोटोत दाणे. फुलपाखराच्या पंखांवर बारीक खवले असतात, असं पुस्तकात असतं. माझ्या फोटोत ते मागच्या आकाशावरही होते.

पहाटे जा, असंही सांगतात. अंग तापल्याशिवाय त्याला उडता येत नाही, तोवर ते गुमान बसतं. खरंच बसतं. पण ते गार असतं तेव्हा उजेड नसतो, आणि उजेड येईपर्यंत ते तापलेलं असतं.

ऑटोफोकसचं तर नावच नको. लेन्स घर्र करून पुढे जाते, घर्र करून मागे येते आणि शेवटी मागचं गवत पसंत करते. म्हणून मॅन्युअल. रिंग एका जागी ठेवायची आणि आपणच गुडघ्यांवर पुढे-मागे डोलायचं. मी असा चिखलात डोलत असताना एका भल्या गृहस्थांनी विचारलं, "काही हरवलंय का?" मी नाही म्हटलं. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

पण एका सकाळी सगळं जुळून आलं. नखाएवढं, राखाडी निळं, पंख मिटून आडवं बसलेलं. सेन्सर पंखांना समांतर धरला, म्हणजे त्या एका मिलिमीटरात सगळं मावतं. एफ ८, ६४० चं शटर, आयएसओ ८००. काहीही होवो, डोळा टोकदार आला पाहिजे, हा धंद्यातला पहिला नियम. डोळा समोरच होता, काळाभोर, भोवती केशरी कडं. शेजारी दोन नाजूक मिश्या हलत होत्या. नजरेसमोर मोकळी जागा सोडावी हा दुसरा नियमही मी पाळला. श्वास रोखून चाळीस फोटो ओढले.

घरी मोठ्या पडद्यावर लावले. चाळीसच्या चाळीस लख्ख! दहा वर्षांच्या भाचीला हाक मारली. ती थोडा वेळ बघत राहिली.

"मामा, डोकं कुठंय?"

"हे काय! डोळा बघ."

"ती शेपटी आहे. मागच्या पंखावर खोटा डोळा असतो आणि शेपटीच्या खोट्या मिश्या. सरड्यानं चुकून तिकडं चावावं म्हणून."

खरं डोकं डावीकडे फ्रेमच्या बाहेर राहिलं होतं. मोकळी जागा मी शेपटीसमोर सोडली होती.

"म्हणजे तू सरड्यासारखाच फसलास," भाची म्हणाली.

सरड्याला निदान पंखाचा तुकडा तरी मिळतो.