94.2 टक्के? मग आता आजोबांचं काहीतरी करावं लागेल

तुमच्या पोरीला अकरावीत 94.2 टक्के पडले असतील तर आधी माझ्याकडून सांत्वन घ्या. 98 असते तर पेढे वाटले असते, 60 असते तर कोणी विषयच काढला नसता, पण 94.2 म्हणजे ना सोयर ना सुतक. माझ्या भाचीला एवढेच होते. इंग्लिश 97, मॅथ्स 95, केमिस्ट्री 93, कॉम्प्युटर 98 आणि फिजिक्स 88, आणि त्या दिवशी ताईच्या लोकमान्य नगरच्या घरी पाचपैकी एकाच विषयावर बोलणं झालं, कोणत्या ते सांगायला नको. तर कॉलेजच्या ॲडमिशनबद्दल हे अनुभवाचे बोल, मामा समजून ऐका.

सगळ्यात आधी जवळची कॉलेजं डोक्यातून काढून टाका. आपल्या इंदूरची हीच तर पंचाईत आहे, राऊला आयआयएम बसलंय 1996 पासून, 2011 पासून तर बारावीनंतर डायरेक्ट पाच वर्षांचा कोर्स तिथे, सिमरोलच्या बाजूला आयआयटी. पोरगी इथेच लागली तर दर शनिवारी मळके कपडे घेऊन घरी येणार, मग लोकांना सांगायचं काय? शिवाय तिथे सरळ परीक्षा घेतात, मार्क पडले तर पुढे, नाही तर बाहेर, आई-बापाच्या कर्तबगारीला वावच नाही. दिल्ली विद्यापीठावर तर भरवसाच ठेवू नका, 2021 मधे तिथल्या काही कॉलेजांचा कट-ऑफ 100 टक्के लागला होता, शंभर पैकी शंभर, आणि पुढच्याच वर्षी सीयूईटी नावाची प्रवेश परीक्षा आणून म्हणे आता बारावीचे मार्क नका दाखवू. ज्या बारावीसाठी पोराचं क्रिकेट, पोरीचं कथक आणि घरातला टीव्ही बंद केला तीच बारावी!

म्हणून अमेरिका. तिथे मार्क बघत नाहीत, माणूस बघतात, त्याला होलिस्टिक म्हणतात. (मार्कही बघतात, सॅट नावाची परीक्षाही मागतात, एमआयटीने 2022 मधे परत सुरू केली आणि हार्वर्डने 2024 मधे, पण हे फी भरल्यावर कळतं.) हे होलिस्टिक प्रकरण कुठून आलं तेही ऐकून ठेवा. 1922 च्या सुमारास हार्वर्डमधे पाचातला एक पोरगा ज्यू असायला लागला, कारण ती पोरं मार्क फार पाडत होती, आणि तिथले प्रेसिडेंट लॉवेलसाहेब अस्वस्थ झाले. आधी म्हणाले सरळ 15 टक्क्यांचा कोटा लावून टाकू, त्याच्यावर बोंबाबोंब झाली, मग 1926 पासून अर्जात 'कॅरॅक्टर' बघायला लागले आणि ज्यूंची संख्या आपोआप खाली आली. किती सभ्य मार्ग! पुढे 2018 मधे हार्वर्डवर केस चालली तेव्हा कोर्टात आकडे निघाले की आशियाई पोरांना पर्सनॅलिटीचे मार्कच सरासरी कमी मिळतात, आणि आत आलेल्या गोऱ्या पोरांपैकी 40 टक्क्यांहून जास्त एक तर खेळाडू, नाही तर माजी विद्यार्थ्यांची, प्रोफेसरांची नाही तर डीनच्या खास यादीतली पोरं. म्हणजे बघा, तुमचं चुकलंय ते फिजिक्समधे नाहीच, तुमच्या आजोबांनी हार्वर्ड सोडून होळकर कॉलेजातून बीएस्सी केली ना, तिथे चुकलंय.

खेळाडू म्हणाल तर आपल्याकडे मल्लखांब आहे, 2013 पासून मध्य प्रदेशचा राज्य खेळ आहे, पोरं खांबावर उलटी लटकून योगासनं करतात, पण हार्वर्डला मल्लखांबाची टीम नाही. रोइंगची आहे, फेन्सिंगची आहे, वॉटर पोलोची आहे. आता लोकमान्य नगरात वॉटर पोलो कुठे खेळायचा असं घाबरू नका, 2019 मधे अमेरिकेत कॉलेज ॲडमिशनचा एक मोठा घोटाळा पकडला गेला त्यातल्या एका बापाने काय केलं माहितीये का, ऑनलाइन वॉटर पोलोचा चेंडू नि टोपी मागवली, पोराला घरच्याच पूलमधे उभं केलं, फोटो काढला आणि डिझायनरकडून वॉटर पोलोची मॅच बनवून घेतली! हे सगळं जमवणारा सिंगर नावाचा एजंट, तो याला साइड डोअर म्हणायचा. पुढे त्याला साडेतीन वर्षांची झाली. आपल्याकडे राजवाड्यापाशी जो कोणी 'काम हो जाएगा भिया' म्हणतो त्याच्या साइड डोअरपेक्षा हे किती महाग पडतं बघा, आणि वर जेल.

तेव्हा सरळ मार्गाने चला, कौन्सेलर लावा. आमच्या मॅडम विजय नगरला, काचेचं ऑफिस, एसी इतका की ताईने शाल काढली. फी ऐकून जिजाजींनी तीनदा पाणी मागितलं. मॅडमनी भाचीला विचारलं, बेटा तू करती क्या है? ती बिचारी म्हणाली, अभ्यास. मॅडमनी जिजाजींकडे असं पाह्यलं जसं पोरीने चोरी कबूल केलीये.

कारण अर्जात ॲक्टिव्हिटीजचे दहा चौकोन असतात, प्रत्येकात पदाला 50 अक्षरं आणि कामाच्या वर्णनाला 150, स्पेस धरून. हे दहा भरायचेत. भाची कॉलनीच्या गणपतीत आरतीला झांजा वाजवते, तर ती झाली 'लीड पर्कशनिस्ट, कम्युनिटी एन्सेंबल'. कामवाल्या मावशींच्या मुलीला पाढे शिकवते, रोज नाही, मावशी घेऊन आल्या तरच, तर ती झाली 'फाउंडर, गर्ल्स न्यूमरसी इनिशिएटिव्ह'. ओला कचरा सुका कचरा वेगळा करते म्हणून 'सस्टेनेबिलिटी लीड', पण इथे मॅडमच थांबल्या, म्हणाल्या इंदूरहून आलेला प्रत्येक अर्ज कचऱ्यावरच असतो. बरोबरच आहे, 2017 पासून सलग सात वर्षं शहर स्वच्छतेत पहिलं आलं, सकाळी गाडीचं गाणं वाजलं की डबा घेऊन खाली पळणारे सगळेच सस्टेनेबिलिटी लीड, आमचे अण्णा तर बनियनवर लीड करतात. आणि प्रत्येक चौकोनात विचारतात, आठवड्याला किती तास? मॅडम भरत गेल्या, आम्ही माना डोलावत गेलो, शेवटी जिजाजींनी (बँकेत होते, बेरीज बघितल्याशिवाय सही करत नाहीत) टोटल मारली तर आठवड्याचे 83 तास निघाले. शाळा 36, झोप सात तासांप्रमाणे 49, बेरीज 168. आठवड्यात तासच तेवढे असतात. म्हणजे पोरगी जेवलेली नाही आणि दोन वर्षं आंघोळही केलेली नाही.

शिफारसपत्रं दोन शिक्षकांची लागतात. आम्ही गेलो फिजिक्सच्या सरांकडे, ज्यांनी ते 88 दिले होते त्यांच्याकडेच, म्हटलं जखम त्यांचीच, मलमही तेच लावतील. सर भले माणूस. म्हणाले, तूच लिहून आण, मी सही करतो. त्यांना सांगितलं की सर सही नाही, ऑनलाइन असतं, शाळेच्या ईमेलवरून तुम्हालाच पाठवायचंय आणि विद्यार्थ्याने बघायचं नसतं. सर म्हणाले ठीक आहे, मी डोळे मिटतो, तू लिही. ईमेलचा पासवर्ड क्लार्ककडे, क्लार्क लग्नाला उज्जैनला. भाचीने स्वतःबद्दल लिहिलं की ही मुलगी अत्यंत विनम्र आहे.

आता मुख्य गोष्ट, निबंध. 650 शब्द, त्यात तुमचं दुःख पाहिजे. सुखी घरातल्या पोरांचं इथे फार वाईट होतं. मॅडमनी खोदून खोदून विचारलं, घरात कोणाचं आजारपण? दिवाळं? डिव्होर्स? गेलाबाजार एखादा अपघात? ताई ओशाळून म्हणाली, नाही हो, सगळं बरं चाललंय. मग भाचीला आठवलं, आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा दिवस डोळ्यांत थेंब तिनेच घातले होते. मॅडमचा चेहरा असा खुलला, लगेच दहावा चौकोन भरला, अर्जात कौटुंबिक जबाबदारीचा वेगळा पर्यायच असतो, 'प्रायमरी केअरगिव्हर', आणि निबंधाची पहिली ओळही तिथेच सुचली, की आजोबांच्या विझत चाललेल्या डोळ्यांत मला माझं भविष्य दिसलं.

हे आजोबा म्हणजे आमचे अण्णा, 81 वर्षांचे. सकाळी स्वतः ॲक्टिव्हा काढून पोहे आणायला जातात, दुपारी पेपरातली बारीक अक्षरं चष्म्याशिवाय वाचतात, रमीत हरले तर पत्ते परत पिसायला लावतात. त्यांना निबंध वाचून दाखवला तर म्हणाले, हा म्हातारा कोण? मॅडमनी फोनवर हळूच विचारलं, शेवट जरा अजून इमोशनल करता येईल का, म्हणजे आजोबा असणं जरुरी आहे का. तर तुमच्या घरी धडधाकट आजोबा असतील तर वेळीच विचार करा, 94.2 ला ते परवडत नाहीत. 98 वाल्यांचे आजोबा जगू शकतात.

अर्ज करताना आर्थिक मदत पाहिजे का असा एक प्रश्न येतो, तिथे खरं बोलण्याआधी दोन मिनिटं थांबा. परदेशी पोराने पैसे मागितले म्हणून चान्स कमी होत नाही अशी कॉलेजं मोजकीच, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट वगैरे, आणि त्यातली पहिली चार शंभर अर्जांतले पाचसुद्धा घेत नाहीत. बाकी बहुतेक ठिकाणी तुमचं होलिस्टिक व्यक्तिमत्त्व आणि जिजाजींचं पासबुक शेजारी शेजारी ठेवून बघतात. एका अर्जाचे आम्हाला पंच्याहत्तर-ऐंशी डॉलर पडले, एका साइटवरून वीस कॉलेजांपर्यंत करता येतात. आम्ही चौदा केले.

मोठ्या कॉलेजांचे रिझल्ट मार्चअखेरीस तिकडे संध्याकाळी सातला लागतात, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेचार. आम्ही सगळे लॅपटॉपभोवती, ताईने देवापाशी दिवा लावलेला, खजराण्याच्या गणपतीला नवस बोललेला, अण्णा तेवढे गाढ झोपलेले. नाही, नाही, नाही, आणि एका ठिकाणी वेटलिस्ट. ताई म्हणाली, म्हणजे आरएसी का? बसायला तरी मिळेल? जिजाजी म्हणाले, नाही गं, वेटिंग, आणि चार्ट कधी बनणार ते पण सांगत नाहीत.

सात वाजता मॅडमचा मेसेज आला, निराश होऊ नका, आता कॉलेजला पत्र लिहायचं की मला अजूनही तुमच्याकडेच यायचंय, आणि जानेवारीनंतर आयुष्यात काय नवीन घडलं तेही टाकायचं, काहीतरी मोठं पाहिजे. कोणाला काही सुचेना, जानेवारीनंतर घरात फक्त गिझर बदलला होता. तेवढ्यात अण्णा पोहे-जिलबी घेऊन आले, सगळ्यांची तोंडं बघितली, कारण विचारलं, जिलबीचा एक तुकडा मोडला आणि भाचीला म्हणाले, "लिही, आजोबा अत्यवस्थ." मग पुडी सोडत विचारलं, "शेव कोणाला जास्त पाहिजे?"