जुना कोड आधी वाचा तरी

जुनी सॉफ्टवेअर सिस्टीम मोडून एकदम नवी लिहावी, हे एका लेखात वाचलेलं मत मला अजिबात पटलं नाही. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सगळी खाती एकाच शनिवार-रविवारी नव्या प्लॅटफॉर्मवर हलवली. लाखो ग्राहकांना कित्येक दिवस आपले पैसेच दिसेनात. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी ४.८६५ कोटी पौंडांचा दंड ठोठावला.

मी बॅकएंड, म्हणजे सॉफ्टवेअरचा पडद्यामागचा भाग लिहिणारी टीम सांभाळतो. आमचं बिलिंग जुन्या स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या आतच साठवलेल्या कोडमध्ये होतं. आम्ही एकेक भाग बाहेर काढला, जुनं-नवं दोन्ही चार महिने शेजारी-शेजारी चालवलं आणि रोज रात्री आकडे ताडून पाहिले. एका रात्री तीन बिलांत एकेका पैशाचा फरक आला. जुना कोड बिलाच्या प्रत्येक ओळीवरचा कर जवळच्या पैशापर्यंत राउंड करत होता, नवा शेवटी एकदाच. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. आमच्या निवृत्त सहकारी काकांना फोन केला, तेव्हा त्यांनी कारण क्षणात सांगितलं. अशा माणसांना आधी गाठा. आणि टीममधल्या नव्या मुलांना जुना कोड वाचायला हक्काचा वेळ द्या, मॅनेजर कितीही घाई करोत. आमच्याकडे तो फरक पकडला दोन वर्षांच्या अनुभवाच्या मुलीने.